काजू कारखान्यातील चौदा जणांचे पगारपत्रक: किलोबरोबर दिवसही लिहा

लांजा तालुक्यात तुमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे, चौदा माणसे कामाला आहेत, त्यांपैकी अकरा बायका बिया फोडण्याचे आणि गर सोलण्याचे काम किलोच्या दराने करतात, आणि आजवर वहीतला हिशेब व रोख पगार असा व्यवहार होता. आता रीतसर पगारपत्रक सुरू करायचे तर सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी चिपळूणमध्ये लहान कारखान्यांच्या पगाराचे काम पाहते. त्या अनुभवावरून सांगते, की सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. चौदा माणसांचा हिशेब संगणकावरच्या साध्या तक्त्यातही नीट बसतो. आधी हजेरीपट दुरुस्त करा.

किलोवर काम असले की वहीत किलो येतात आणि दिवस येत नाहीत, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा दोष आहे. एका कारखान्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा तेथे महिन्याच्या एकूण मजुरीला एका ठरावीक रोजाने भागून कामाचे दिवस काढले जात आणि तेच ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, विवरणात भरले जात. सोलण्याचा हात जरा मंद असलेली एक बाई जवळपास रोज कामाला येत होती, पण कागदावर तिचे सहा महिन्यांचे दिवस ७१ भरले. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या वर्गणीच्या कालावधीत निदान ७८ दिवस भरावे लागतात. ती शस्त्रक्रियेनंतर घरी बसली, तेव्हा सरासरी रोजाच्या ७० टक्के दराने मिळू शकणारा भत्ता तिच्या हातून गेला, आणि तिची खरी हजेरी कोठेच लिहिलेली नसल्याने मला काही सिद्ध करता आले नाही. ही गोष्ट मला आजही सलते. म्हणून प्रत्येक नावापुढे रोज दोन नोंदी घाला: आली की नाही, आणि किती किलो. भरपगारी रजेचा हिशेबही दिवसांवरच होतो. किलोच्या दराने पडणारी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जात नाही ना, हेही या दोन नोंदी शेजारी असल्या तरच दिसते. आपल्या राज्यात किमान वेतनातील विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा वर्षातून दोनदा आपले दर तपासून पाहावेत.

आता कपातींकडे वळू. तुमची संख्या दहाच्या वर असल्याने ईएसआयची नोंदणी करावी लागेल, आणि या मोजणीत किलोवर काम करणाऱ्या बायकाही धरल्या जातात. एकदा योजना लागू झाली की पुढे माणसे कमी झाली तरी ती सुटत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांचे ०.७५ टक्के त्यांच्या वेतनातून कापायचे आणि ३.२५ टक्के तुम्ही स्वतःचे घालायचे असतात. एखाद्या बाईची महिन्याची मजुरी ९,६०० रुपये झाली, तर तिचे ७२ आणि तुमचे ३१२ रुपये पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागतात. तुमचा हा हिस्सा तिच्या मजुरीतून वळता करणे बेकायदा आहे.

व्यवसाय कराच्या बाबतीत बायकांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर सूट आहे. पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यापुढे २०० रुपये महिना, फक्त फेब्रुवारीत ३००. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून सक्तीचा होतो, त्यामुळे हंगामात माणसे वाढवताना त्या आकड्याकडे लक्ष असू द्या. कामगार कल्याण निधी मात्र पाच माणसांपासून लागतो. जून आणि डिसेंबरात कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. ते साध्या मराठीत द्या आणि किलोचा दर त्यात लिहा.

महिन्याचा क्रम असा ठेवा, की अखेरच्या दिवशी हजेरी बंद करून दोन तारखेला आकडे प्रत्येकीला वाचून दाखवायचे आणि सात तारखेच्या आत पगार बँकेत जमा करायचा. सात तारीख ही कायद्याची मर्यादा आहे. आकडे वाचून दाखवण्यात अर्धा दिवस जातो, पण किलोची चूक असेल तर ती पैसे देण्याआधीच निघते. नोंदणीपूर्वी आधार, बँकेचे पासबुक आणि प्रत्यक्ष वापरातले नाव पडताळून घ्या. बऱ्याच बायकांचे एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असते, आणि तेवढ्यावरून नोंदणी किंवा पुढचा लाभ अडून राहतो.

राहिली उचल. शिमग्याला आणि गौरी-गणपतीला उचल मागितली जाणारच आणि ती द्यावीही; मुंबईकर घरी येतात, घरात खर्च असतो, आणि हक्काने मागता येईल अशी जागा कारखान्याचीच असते. मात्र ती पगारपत्रकात मिसळू नका. वेगळे पान ठेवून त्यावर रक्कम, तारीख, दरमहाचा हप्ता आणि सही घ्या; सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. तुमच्या जुन्या वहीत आजही काहींच्या नावावर उचल शिल्लक असेल. पहिले पगारपत्रक करण्यापूर्वी प्रत्येकीला बोलावून तो आकडा दोघांच्या संमतीने ठरवून घ्या, आणि जेथे तुमची नोंद व तिची आठवण जुळत नाही व तुमच्याकडे सही नाही, तेथे तिचा आकडा धरा.