जंगलातल्या पायवाटेवर पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला, तर तो विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या हे कसं ओळखायचं?

रंगावर जाऊ नका. उजेडाप्रमाणे तो फसवतो. पट्टे कुठे ठळक आहेत ते बघा. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट: मानेजवळ पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे स्पष्ट, बारीक आणि बहुधा जोडीजोडीने. मात्र मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे मानेपासूनही असू शकतात, घोटाळा होतो तो इथेच. पक्की खूण म्हणजे मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे मोठे, षटकोनी खवले. ते पाहायला जवळ जायचं नाही. लांबून झूम करून फोटो काढा. दिवसा मण्यार सुस्त दिसते, म्हणून तिला गरीब समजू नका. शंका असेल तर ती मण्यारच आहे असं समजून चाला.