सरकारी नोकराचा बिशप कोण? वाचकांचे प्रश्न

मुलगी वसईची, जावई अमेरिकन, तिकडच्या परराष्ट्र खात्यात. पोस्टिंग टोकियोला. आता ते कुठल्या बिशपचे?

दोघा बिशपांचे, टोकियोच्याही आणि अमेरिकेच्या लष्करी बिशपचेही! आपल्या कॅथलिक चर्चमध्ये धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला भाग. अमेरिकेचा एक लष्करी महाधर्मप्रांत आहे, त्याला जमिनीची हद्द नाही, माणसं हीच हद्द. त्यात सैनिक येतात, त्यांच्या घरचे येतात, माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलातले पेशंट येतात आणि देशाबाहेर काम करणारे केंद्र सरकारचे सिव्हिलियन नोकरसुद्धा येतात, म्हणून जावई आला आणि त्याच्या घरातली म्हणून तुमची मुलगीही आली. पण पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की यामुळे स्थानिक बिशपचा अधिकार जात नाही. तेव्हा टोकियोच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेला जायला किंवा बाळाचा बाप्तिस्मा करायला बेसवरच्या, म्हणजे अमेरिकन लष्करी तळावरच्या, फादरांची चिठ्ठी नको.

भाचा तिकडे इन्कम टॅक्समध्ये आहे, तोही यात येतो का?

अमेरिकेतच असेल तर नाही, तो आपल्या गावच्या पॅरिशचा.

आपल्या जवानांसाठी असं काही?

भारतात लष्करी धर्मप्रांत नाही. देवळालीत पोस्टिंग असेल तर तीन महिने राहायच्या इराद्याने गेला तरी पुरतं, तिथला फादर त्याचा फादर, बिशप नाशिकचा.

मुलगा आणि होणारी सून, दोघंही बेसवर नोकरीला नाहीत. ओळखीचे चॅप्लेन, म्हणजे लष्करातले फादर, तिथल्या चॅपलमध्ये लग्न लावून देतो म्हणतात. चालेल ना?

थांबा जरा. गावचा फादर त्याच्या हद्दीत बाहेरून आलेल्यांचंही लग्न लावू शकतो, पण चॅप्लेनचा अधिकार माणसांवर, म्हणून वधूवरांपैकी एक तरी त्या लष्करी महाधर्मप्रांतातला हवा. दोघंही बाहेरचे असतील आणि स्थानिक बिशपने किंवा फादरने रीतसर अधिकार दिला नसेल तर लग्न अवैध, फोटो कितीही छान येवोत. ओळखीपाळखीत नेमकं हेच राहून जातं, तेव्हा आधी स्थानिक फादरकडून ते लेखी घ्या. आणि लग्न लागलं की कळवायचं विसरू नका, वसईच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे लग्नाचा शेरा पडायला हवा. तो नसला तर उद्या कुणी दाखला काढला की पोरगा कागदावर अजून बिनलग्नाचाच!