प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा नंबर मशीनवर वेगळा आला, म्हणजे काच चुकीची बनली का?

तुमच्या कागदावर उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर -1.50 आणि ॲडिशन, म्हणजे वाचनासाठी त्यात मिळवायचा जादा नंबर, 2.00 आहे. दुसऱ्या दुकानातल्या मशीनने मात्र -1.25 आणि ॲडिशन 1.75 दाखवलं, म्हणून काच परत करावी का, असं तुम्ही विचारलंय. त्याआधी एक साधी बेरीज करून पाहा. -1.50 मध्ये 2.00 मिळवले की जवळचा नंबर येतो +0.50. आता -1.25 मध्ये 1.75 मिळवा. तोही +0.50च. म्हणजे वाचनाचा नंबर दोन्हीकडे तंतोतंत जुळतो, फरक आहे तो फक्त लांबच्या नंबरात. चष्म्याच्या काचा तपासणं हे माझं रोजचं काम आहे. आकडे असे जोडीने सरकलेले दिसले की मला पहिला संशय काचेचा येत नाही. लांबचा नंबर काचेच्या कुठल्या जागी मोजला, याचा येतो.

साध्या काचेत नंबर सगळीकडे एकच असतो, तिथे जागा थोडी चुकली तरी फारसं बिघडत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली येताना नंबर सतत बदलत जातो. डोळ्याची बाहुली जिथे यायला हवी त्या जागेला फिटिंग क्रॉस म्हणतात. लांबचा नंबर मोजायचा तो त्याच्याही वरच्या भागात. पुष्कळदा चष्मा मशीनवर ठेवताना काचेचा मधला भाग टेकवला जातो, आणि तिथे नंबर वाचनाच्या दिशेने चढायला लागलेला असतो. -1.50 ची -1.25 होते ती इथेच. लांबचा आकडा असा सरकला की त्याच्यापासून मोजलेली ॲडिशनही आपोआप तेवढीच कमी दिसते. आणखी बाजूला सरकलं तर काचेत नसलेला सिलिंडरही (तिरक्या-आडव्या दिशेचा वेगळा नंबर) मशीन दाखवतं, कारण खालच्या अर्ध्या भागात दोन्ही कडांना थोडी विकृती असतेच. तो या काचांचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

मग बरोबर जागा सापडणार कशी? काच नवीन येते तेव्हा तिच्यावर शाईने फिटिंग क्रॉस आणि लांबचा व जवळचा नंबर मोजायच्या जागांचे गोल काढलेले असतात, पण चष्मा हातात देताना ते पुसून टाकतात. न पुसता येणाऱ्या खुणा काचेतच कोरलेल्या असतात: दोन बारीक वर्तुळं किंवा चिन्हं, एकमेकांपासून 34 मिलिमीटरवर. काच स्वच्छ पुसा, मागे काहीतरी गडद धरा आणि दिव्याच्या उजेडात हळूहळू तिरकी करा. दिसत नसतील तर काचेवर हलकी वाफ सोडा. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशन कोरलेली असते, तुमच्या काचेवर 20 किंवा 2.00 असं काहीतरी सापडायला हवं. नाकाकडच्या खुणेखाली बहुतेक वेळा कंपनीचं किंवा डिझाइनचं चिन्ह असतं. ही खूण वाचलीत की निदान तुमच्या मागणीप्रमाणेच काच आली का, हे घरबसल्या कळेल.

पुढचं काम दुकानात. त्या खुणांवर पेनने ठिपके द्यायचे, चष्मा त्या डिझाइनच्या कंपनी-तक्त्यावर (या जागा छापलेल्या कागदावर) ठेवायचा आणि क्रॉस, लांबचा गोल, जवळचा गोल पुन्हा काढायचे. तक्ता त्याच डिझाइनचा हवा, कारण जवळचा गोल किती खाली येतो हे प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळं असतं. मग लांबच्या गोलात, काचेची डोळ्याकडची बाजू मशीनच्या तोंडाला टेकवून, लांबचा नंबर घ्यायचा. ॲडिशनसाठी, प्रोग्रेसिव्ह पृष्ठभाग पुढच्या बाजूला असेल तर, चष्मा उलटा करून पुढची बाजू टेकवतात आणि दोन्ही गोलांत मोजून फरक काढतात. जाड प्लस काचेत हे न केल्यास ॲडिशन उगाच जास्त दिसते. तुमच्या नंबरात हा फरक नगण्य आहे.

एक गोष्ट मात्र नक्की विचारा: काच फ्रीफॉर्म, म्हणजे संगणकाच्या हिशोबाने तुमच्यासाठी घडवलेली, आहे का? अशा काही काचांमध्ये फ्रेमचा कल आणि डोळ्यापासूनचं अंतर धरून नंबर मुद्दाम थोडा बदललेला असतो. तेव्हा काचेच्या पाकिटावर दोन नंबर छापलेले असतात, एक डॉक्टरांनी दिलेला आणि दुसरा मशीनवर दिसायला हवा तो. तुलना दुसऱ्याशी करायची. पाकीट दुकानदाराकडेच राहून जातं, ते मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध मशीनने खालच्या दिशेचा प्रिझम (प्रकाश एका बाजूला वळवणारा काचेचा गुण) दाखवला तर घाबरू नका. काच पातळ करण्यासाठी तो घालतात, साधारण ॲडिशनच्या दोन तृतीयांश, म्हणजे तुमच्यासाठी 1.3 च्या आसपास. दोन्ही काचांत तो जवळपास सारखा असला म्हणजे झालं.

फरक किती चालतो? अमेरिकेच्या एएनएसआय मानकात प्रोग्रेसिव्ह काचेच्या लांबच्या नंबरात, 8.00 पर्यंत, 0.16 आणि ॲडिशनमध्ये, 4.00 पर्यंत, 0.12 इतकी सूट आहे. त्यामुळे बरोबर गोलात मोजूनही -1.25च आलं आणि पाकिटावरचा तपासणीचा नंबर -1.50 असेल, तर काच बदलून मागा, संकोच करू नका.

आणि आकडे जुळले, तरी लांबचं धूसर दिसतंय का? मग गोल पुसण्याआधी चष्मा घालून सरळ समोर बघा आणि क्रॉस बाहुलीच्या मध्यावर येतो का, ते समोरच्याला तपासायला सांगा. उंचीत 1 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. क्रॉस बाहुलीच्या वर बसला असेल तर समोर बघताना तुम्ही त्याच चढत्या नंबरातून बघता, आणि हनुवटी खाली घेतली की लांबचं स्पष्ट होतं. तसं होत असेल तर आधी नाकावरचे पॅड आणि काड्या नीट करून चष्मा थोडा खाली बसवून घ्या. काच नव्याने बनवायची वेळ त्यानंतरची.