उबुंटूवर वेबमिन टाकताना ‘पॅकेज सापडत नाही’ असं का येतं?

वेबमिन, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन, उबुंटूच्या अधिकृत रिपॉझिटरीत (पॅकेजच्या साठ्यात) नाही, म्हणून नुसतं ‘ॲप्ट इन्स्टॉल’ चालत नाही. आधी वेबमिनच्या साइटवरची सेटअप स्क्रिप्ट रूट अधिकाराने चालवून त्यांची रिपॉझिटरी जोडा, मग तीच कमांड पुन्हा द्या. नंतर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएसने सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट 10000 टाका. सर्टिफिकेटचा इशारा येईल, घाबरू नका, ते सर्व्हरने स्वतःच बनवलेलं असतं. सुडो अधिकार असलेल्या युजरने लॉगिन होतं.

फक्त हे पोर्ट सगळ्या इंटरनेटला उघडं ठेवू नका. फायरवॉलमध्ये आपल्याच आयपीला परवानगी द्या. 2019 मध्ये वेबमिनच्या 1.890 आवृत्तीत चक्क मागचं दार (बाहेरच्याला गुपचूप आत शिरू देणारा कोड) निघालं होतं. सर्व्हिसेस आणि लॉग बघण्यापुरतंच हवं असेल तर कॉकपिट हे तसंच ब्राउझरमधलं साधन घ्या, ते उबुंटूच्या रिपॉझिटरीतच आहे, पोर्ट 9090.