जुन्या होम कॉम्प्युटरसाठी स्वतःचं एक्स्पान्शन कार्ड बनवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

अ‍ॅपल टू घ्या. १९७७ चं मशीन, आत ८ स्लॉट, प्रत्येकी ५० पिनांचा. शिकाऊ माणसासाठी याहून सोयीचं मशीन मला तरी माहीत नाही. कारण पत्त्यांचं डिकोडिंग (प्रोसेसरने दिलेला पत्ता कुठल्या कार्डाचा ते ओळखणं), म्हणजे नवख्याचा घाम काढणारं काम, मदरबोर्डच करून देतो. प्रत्येक स्लॉटला १६ पत्ते राखीव असतात. त्यांपैकी एखादा वापरला की त्या स्लॉटची 'डिव्हाइस सिलेक्ट' ही पिन लो होते, म्हणजे तिचं व्होल्टेज शून्याजवळ येतं. तुम्ही फक्त तिच्याकडे लक्ष ठेवायचं.

पहिलं कार्ड अगदी साधं असू द्या: एक ७४एचसीटी३७४ (८ बिट धरून ठेवणारी लॅच चिप), एक ऑर गेट (दोन्ही इनपुट लो असतील तरच लो आउटपुट देणारं), ८ एलईडी आणि त्यांचे रेझिस्टर. डिव्हाइस सिलेक्ट आणि रीड/राइट (वाचन चाललंय की लेखन ते सांगणारी) या दोन लाइन ऑर करून लॅचच्या क्लॉकला द्या. कार्ड ४ नंबरच्या स्लॉटमध्ये लावून बेसिक भाषेत POKE (पत्त्यावर आकडा लिहिणारी आज्ञा), म्हणजे 'पोक ४९३४४,१७०' चालवा. एक सोडून एक दिवा लागला, तर बस (प्रोसेसर आणि कार्डं जोडणाऱ्या लाइनींचा संच) तुम्हाला कळली! (पत्ता असा निघतो: ४९२८० + १६ × स्लॉट नंबर.) साउंड कार्ड वगैरे नंतर.

आधी प्रोटोटाइप बोर्डवर जोडा, मग कीकॅड (KiCad) या सॉफ्टवेअरमध्ये पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) काढा. जाडी १.६ मिमी ठेवा, स्लॉटमध्ये जाणाऱ्या कडेच्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

आणि मशीन चालू असताना कार्ड घालू-काढू नका, कधीच.