ग्रोसनझेबाखचं घर घ्यावं का?

जर्मनीतल्या एर्लांगनहून एका ताईंनी विचारलंय. नवराबायको दोघंही शहरात नोकरीला, भाडं महिना १,२५० युरो. शहराबाहेर ग्रोसनझेबाखमध्ये १९७४ साली बांधलेलं घर दलालामार्फत ४,८०,००० युरोला मिळतंय. शिल्लक ९०,०००. बँक ३.६ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: "सासूबाई पुण्यात एकट्या असतात, चार-पाच वर्षांत परतही जावं लागेल."

ताई, अख्ख्या पत्रात मला महत्त्वाचा वाटला तो हाच आकडा.

तुमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात घरखरेदीवरचा कर ३.५ टक्के, सगळ्या जर्मनीत सर्वांत कमी. म्हणजे १६,८०० युरो. नोटरी आणि नोंदणीचे साधारण २ टक्के, ९,६००. दलालाचा तुमचा वाटा ३.५७ टक्के धरला तर १७,१३६. एकूण ४३,५०० च्या वर, आणि यातला एक सेंटही घर विकताना परत येत नाही. चार वर्षांनी निघालात तर हा खर्च महिन्याला ९०० युरोंहून जास्त पडला.

उरलेले पैसे घरात घातले तरी कर्ज ४,३३,५०० च्या आसपास. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच महिन्याला १,३०० युरो, तुमच्या भाड्यापेक्षा जास्त! वर्षाला २ टक्के मुद्दल फेडायचं म्हटलं की हप्ता २,०२० च्या पुढे. व्याजदर दहा वर्षांसाठी बांधून घेतलात आणि मध्येच घर विकून कर्ज फेडलंत, तर बँक नुकसानभरपाई मागते. घर भाड्याने देऊन पुण्याला गेलात आणि पुढे दहा वर्षांच्या आत विकलंत, तर नफ्यावर आयकर लागू शकतो. शिवाय पुण्यात बसून जर्मनीतल्या जुन्या घराचं छप्पर दुरुस्त करून घ्यायचं, हे मी तरी कुणाला सुचवणार नाही.

गाव छान आहे, नाही म्हणत नाही. अडीच हजारांची वस्ती, आसपास कार्प माशांची तळी, कारभार शेजारच्या हेसडोर्फसोबत एकत्र. पण रेल्वे नाही, बसवर भिस्त. दलाल ज्या नव्या ट्रामचं नाव घेतोय ती न्यूर्नबर्गहून एर्लांगनमार्गे हेर्त्सोगेनआउराखला जाणार, तुमच्या गावाला नाही. दुसरी गाडी तुम्ही हिशेबात धरलेलीच नाही.

घर गरम करणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या बॉयलरचा विषयही राहिलाच. तीस वर्षांपुढचा आणि जुन्या, एकाच तापमानावर चालणाऱ्या पद्धतीचा असेल, तर नव्या मालकाला तो दोन वर्षांत बदलावाच लागतो. कुठल्या पद्धतीचा आहे ते धुराडं तपासणाऱ्याच्या कागदावर असतं. तो कागद मागा.

माझं मत, सध्या घेऊ नका. दहा वर्षं राहायचं नक्की असेल तर हेच घर मी पुन्हा बघेन, किंमत थोडी पाडून.

आणि एक. तुमच्यापैकी कुणाला जर्मनीत राहण्याचा, कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर मिळाला असेल, तर सासूबाईंना कायमचं इकडे आणायची वाट कायद्याने खुली आहे. अडतं ते त्यांच्या वयात मिळणाऱ्या आरोग्यविम्यावर. घराआधी त्या विम्याचा भाव काढा.