रिकामा तासही लिहून ठेव

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि सोबतचा नोंदींचा कागद परवा मिळाला. देवगडच्या किल्ल्यावर, दीपगृहाजवळ बसून ऑक्टोबरमधला एक अख्खा रविवार तू शिकारी पक्ष्यांचे स्थलांतर पाहण्यात घालवलास आणि हाती लागले सात पक्षी. तेव्हा इथे बसण्यात काही अर्थ आहे का, की रजा जमवून सरळ नागालँड गाठावे, असे तू विचारले आहेस. नागालँडचे पुढे लिहितो. आधी त्या कागदाबद्दल लिहायला हवे, कारण तो पाहून मला राग आला आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

सकाळच्या नोंदी सुरेख आहेत. खाडीच्या मुखावर ऑस्प्रे आला, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थबकला, पाय पुढे टाकून कोसळला आणि मासा घेऊन उठला. उडता उडताच त्याने माशाचे डोके पुढे येईल अशा बेताने त्याला पंजांत फिरवून घेतले, हे तू पाहिलेस आणि लिहिलेस. इतक्या बारकाईने पाहणारी मुलगी बारा ते तीनच्या रकान्यात काहीच लिहीत नाही, हे मला पटत नाही. तिथे शून्य नाही, वाऱ्याची दिशा नाही, साधी रेघही नाही. तू जेवायला खाली उतरलीस, की जागेवर बसूनही तुला काही दिसले नाही, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. जागेवर बसून गेलेला रिकामा तास हीसुद्धा नोंद आहे, आणि ती लिहायचीच असते.

त्या तीन तासांत काय घडते ते पाहा. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात, हवा थंड असते, आणि पक्षी सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या गवतालगत खालून जातात. ऊन चढले की कातळ तापतो, गरम हवा वर उठते आणि गरुडांसारखे रुंद पंखांचे पक्षी तिच्यावर स्वार होऊन इतके उंच जातात की नुसत्या डोळ्यांना आकाश मोकळे वाटते. दुपारी खारे वारे सुटले की समुद्रावरची गार हवा किनाऱ्यावर शिरते आणि गरम हवेचे हे झोत आत, सह्याद्रीच्या बाजूला सरकतात. म्हणजे तुझा रिकामा रकाना पक्षी नसल्याचा असेल, पक्षी फार उंचावरून गेल्याचा असेल किंवा ते किनारा सोडून आत वळल्याचाही असेल. वारा, ढग आणि शून्य हे तिन्ही तासागणिक लिहिले असते, तर काही वर्षांनी याचे उत्तर निघू शकले असते.

आता ते दोन भोवत्ये, म्हणजे गवतावरून खालून उडणारे शिकारी पक्षी. पांढुरका भोवत्या की मोंटेग्यूचा हे ठरेना, म्हणून तू दोन्ही नोंदी खोडल्यास. खोडल्यास का? या दोन जातींच्या माद्या आणि पिल्ले भल्याभल्यांना चकवतात. गालावरच्या गडद डागामागे फिकट गळपट्टी ठळक दिसली तर पांढुरका, पण पक्षी पाठमोरा, गवतावरून तिरका झोके घेत निघून गेला तर ती दिसणार कशी? काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, जॉर्जियातल्या बाटुमीजवळ २००८पासून दर शरद ऋतूत शिकारी पक्ष्यांची मोजदाद होते. तिथल्या मुरलेल्या निरीक्षकांनीही 'मोंटेग्यू किंवा पांढुरका' असा स्वतंत्र रकाना ठेवला आहे. जे दिसले तेवढे लिही. पोटाकडून विटकरी दिसला असेल तर तो बहुधा त्याच वर्षी जन्मलेला असतो. जात न कळताही वय लिहिता आले असते.

मी एवढा का चिडतो ते सांगतो. माझ्या लहानपणी कोकणात गिधाडे इतकी होती की ती मोजायची असतात असे कोणालाही वाटले नाही. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की ती उतरत आणि आम्ही नाक दाबून घरी पळत असू. मग ती दिसेनाशी झाली. पूर्वी किती होती, नेमकी कधी कमी होऊ लागली, याचा आमच्या भागातला एकही कागद मला मिळाला नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडे मोजून ठेवली होती, म्हणूनच नव्वदच्या दशकातली घसरण आकड्यांत दाखवता आली. पुढे २००४मध्ये गुरांना देण्यात येणाऱ्या आणि मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाकडे बोट दाखवता आले आणि २००६मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडे मुबलक असताना ती मोजणारा माणूस तिथे होता, आमच्याकडे नव्हता. ही खंत माझ्या मनातून जात नाही, आणि जावी असे मला वाटतही नाही.

त्यानंतर मी सड्यावर बसू लागलो. पुढे एका संस्थेकडे माझ्या वह्या दिल्या, तेव्हा 'निम्म्या पानांवर पक्षीच नाहीत' असा शेरा मारून त्या परत आल्या. मी आजही म्हणतो की त्या वह्यांचे मोल त्याच पानांत आहे. पक्षी दिसला त्याच दिवशी वही उघडणाऱ्याच्या नोंदींवरून पक्षी वाढले की घटले हे कधीच सांगता येणार नाही. घरच्यांनी, मित्रांनी, अगदी पक्षी पाहणाऱ्या स्नेह्यांनीही मला हट्टी म्हटले. असेन. पण तेव्हा कोणाला तरी हट्ट धरणे भाग होते.

आता नागालँड. दोयांग जलाशयावर ऑक्टोबरअखेरीस अमूर ससाण्यांचे थवेच्या थवे उतरतात. जरूर जा, पांगती गावच्या लोकांना भेट. २०१२पर्यंत तिथे या पक्ष्यांची जाळी लावून सर्रास शिकार होत असे आणि त्याच गावकऱ्यांनी ती पुढच्याच वर्षी थांबवली. पण नागालँडची फेरी ही इथल्या सड्याची बदली आहे असे समजू नकोस. देवगड म्हणजे बाटुमीही नव्हे. तिथे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत दहा लाखांहून अधिक पक्षी कोंडल्यासारखे येतात. आपल्याकडे सह्याद्री दूर आहे आणि येणारे बहुतेक पक्षी इथे हिवाळा काढायला येतात, समुद्र ओलांडायला नव्हे. त्यामुळे सात हा आकडा लाजिरवाणा नाही. तो अपुरा आहे, कारण त्याच्यासोबत तीन तास बेपत्ता आहेत.

आणि तेच अमूर ससाणे दोयांगहून निघाले की दख्खन ओलांडून आपल्या बाजूला येतात, मग अरबी समुद्रावरून सुमारे ३,००० किलोमीटर न थांबता आफ्रिकेकडे जातात. वजन दोनशे ग्रॅमच्या आत. लोणावळ्याच्या माळांवर ते नोव्हेंबरअखेरीस चतुर पकडताना दिसतात. किनारा ते कुठे आणि कोणत्या वाऱ्यावर सोडतात, हे पाहायला तुझ्या दीपगृहापाशी कोणी बसलेले असायला नको का?

तेव्हा हे कर. आठवत असेल तोवर त्या तीन तासांपुढे 'जागेवर नव्हते' किंवा 'शून्य', जे खरे असेल ते लिही. दोन्ही भोवत्ये परत नोंदव. पुढच्या रविवारी डबा वर घेऊन जा, पाठ उन्हाकडे ठेव, आणि दर तासाला वारा लिही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी येतो. गुडघे दुखतात, पण किल्ल्यापर्यंत रिक्षा जाते. तोवर दुरुस्त केलेला कागद मला पाठव, आणि या वेळी पेन्सिलीने नव्हे, शाईने लिही.

तुझा काका